गिरणगावातला पास्ता: एक कढई, एक शेगडी, २५ मिनिटं

(एपिसोडचं लिखित रूप. लोकलमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी, आणि स्वयंपाक करताना फोन ओट्यावर टेकवून ठेवणाऱ्यांसाठी. बोलताना आले तसेच शब्द ठेवलेत, फक्त 'अं' आणि 'म्हणजे ना' थोडे कमी केलेत.)

जेवलात का?

हा प्रश्न सहज विचारत नाहीये. गेल्या काही एपिसोडनंतर तुमचे जे मेसेज आले त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. कोणी नायगावला तीन मित्रांसोबत राहतो, कोणी परळला पीजीमध्ये आहे, कोणी लग्न होऊन नुकतीच दादरला आलीये. प्रश्न सगळ्यांचा एकच. "दादा, रात्री साडेनऊला घरी पोचतो. तेव्हा काय बनवायचं? मॅगी सोडून सांग."

तर आज सांगतो. सॉसेज आणि भाज्या घालून केलेला पास्ता. सगळा एकाच कढईत. पास्ता वेगळा उकडायचा नाही, पाणी ओतून द्यायचं नाही, सॉस वेगळा करायचा नाही. दोघांचं पोटभर जेवण २५ मिनिटांत, आणि घासायला एक कढई, एक सुरी, एक उलथनं.

पण रेसिपीकडे जायच्या आधी दहा मिनिटं मला द्या. कारण "दमून आलेल्या माणसाने छोट्या खोलीत, एका शेगडीवर काय खायचं" हा प्रश्न आपल्या पिढीचा नाही. लालबाग-परळ भागात तो शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याचं जे उत्तर या भागाने काढलं होतं ते माहीत असेल तर आजची कढई जरा वेगळी दिसते.

आधी गिरणीची पाळी, आता आपली

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात ताडदेवला सुरू झाली. मग परळ, लालबाग, भायखळा, वरळी सगळीकडे चिमण्या उभ्या राहिल्या. कामाला माणसं आली ती रत्नागिरीहून, साताऱ्याहून, कोल्हापूरहून. बहुतेक जण एकटे. बायका-मुलं गावाला.

राहायचे कुठे? चाळीत. बीडीडी चाळींचं उदाहरण घ्या. १९२० च्या दशकात बांधलेल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. एक खोली १६० चौरस फूट. आज आपण १६० फुटांत एक बेड, एक टेबल आणि एक कपाट लावून "जागा कमी पडते" म्हणतो. त्या काळी एकाच गावचे लोक मिळून अशी खोली घ्यायचे आणि पाळीपाळीने झोपायचे. पहिल्या पाळीचे उठले की रातपाळीचे येऊन त्याच जागेवर आडवे. तिथे प्रत्येकाने चूल मांडायची म्हटली तर झोपायचं कुठे?

म्हणून खानावळ. आता खानावळ म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर पाटी लावलेलं दुकान येईल. ही तशी नव्हती. कुणाची तरी बायको, कुणाची तरी विधवा आई, स्वतःच्याच खोलीत घरच्या स्वयंपाकाबरोबर आणखी दहा-पंधरा जणांचं रांधायची. जेवणारे महिन्याचे पैसे द्यायचे. कुणी तिथेच पंगतीला बसायचं, कुणाचा डबा गिरणीत जायचा.

माझी आजी त्यातलीच. लालबागला एका खोलीत आठ गाववाल्यांना जेवायला घालायची. पहाटे चारला स्टो पेटायचा, कारण पहिल्या पाळीचा डबा साडेसहाच्या आत द्यायचा. दुपारी दुसऱ्या पाळीचं. रात्री परत. ती सगळ्यांत शेवटी जेवायची, आणि मी बाबांना विचारलं की ती काय जेवायची, तर म्हणाले, "उरेल ते." एवढंच.

या बायकांना मालक नाही, पगार नाही, सुट्टी नाही. धान्य उधारीवर आणायचं, नड आली की सावकाराकडे मंगळसूत्र ठेवायचं. गिरणीत संप झाला की कामगाराचा पगार बंद, म्हणजे खानावळीचे पैसेही थकले. पण जेवण बंद करून चालायचं नाही. ताटं वाढायचीच. गिरणगावातल्या लढ्यांचं बोलताना पुढाऱ्यांची नावं येतात, ती यायलाच हवीत. पण संपकरी जेवत कुठे होते, हे क्वचित कुणी विचारतं.

ज्यांनी विचारलं त्यांचं नाव घेतो. प्रेमाताई पुरव. गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या आणि नंतर मुंबईत कामगार चळवळीत काम केलेल्या. १९७५ मध्ये त्यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं, हा पहिला मुद्दा. ऐकायला साधं वाटतं. पण बँकेचं कर्ज मिळणं म्हणजे काय, तर तुझं रांधणं हा धंदा आहे, तू कमावती आहेस, हे कुणीतरी कागदावर मान्य करणं.

मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आली. आणि आता तिथे आपण जातो, गळ्यात आयकार्ड घालून.

पाळी मात्र गेली नाही बरं का. रात्रीचा क्लायंट कॉल म्हणजे काय? रातपाळीच. आणि खानावळही गेली नाही, ती फोनमध्ये आली. फरक एवढाच की आजीच्या आठ जणांना माहीत होतं जेवण कुणी केलंय. मीठ जास्त झालं तर तोंडावर सांगता यायचं, आणि तिला ताप असेल तर कळायचं. आपल्याला फक्त नकाशावर सरकणारी एक गाडी दिसते.

मी ॲपवरून मागवूच नका असं म्हणत नाहीये. मी पण मागवतो. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्याला दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहण्याशिवाय पर्यायच नव्हता, तो गिरणी कामगार. गिरणीतली पाळी आणि झोपायला पाळीची जागा. आपल्याकडे पर्याय आहे. गॅस किंवा इंडक्शन आहे, फ्रिज आहे, खाली भाजीवाला रात्री साडेनऊपर्यंत आहे. तरी आपल्यातले कितीतरी मुलगे, हो, मुलगेच म्हणतोय, २८ व्या वर्षी एक जेवण स्वतः उभं करू शकत नाहीत. घरी आईने केलं, हॉस्टेलला मेसने, आता ॲपने, आणि पुढे बायको करेल असं गृहीत. ही साखळी कुठेतरी तोडायची तर सुरुवात सोप्या जागेवरून करावी. म्हणून एक कढई.

पास्ता आपला कसा?

आता कुणीतरी म्हणेल, गिरणगावच्या गप्पा मारून शेवटी पास्ता? पिठलं-भात का नाही?

पिठलं-भात जरूर करा. पण पास्ता आपल्याला परका नाही, हे ऐका. वरणफळं खाल्लीत ना? काही घरांत चकोल्या म्हणतात. कणीक मळायची, लाटायची, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि उकळत्या वरणात सोडायचे. तुकडे त्या वरणातच शिजतात आणि वरण त्यांच्यामुळे दाट होतं. आता हेच वाक्य 'कणकेचे तुकडे'च्या जागी 'पास्ता' आणि 'वरण'च्या जागी 'टोमॅटोचा रस' घालून वाचा. झाला वनपॉट पास्ता!

२०१३ मध्ये 'मार्था स्ट्यूअर्ट लिव्हिंग' या अमेरिकन मासिकात एका कढईतल्या पास्त्याची रेसिपी आली, आणि ती इंटरनेटवर तुफान चालली. सगळं एकदम भांड्यात टाका आणि उकळा. जग म्हणालं, वा, काय शोध आहे. आपल्या आज्या तेव्हा चकोल्या ढवळत होत्या.

फरक कुठे आहे ते सांगतो, कारण तो स्वयंपाकात उपयोगी पडेल. पास्ता ड्यूरम नावाच्या कडक गव्हाच्या रव्याचा असतो. बन्सी रवा माहितीये? तो त्याच जातीच्या गव्हाचा. या गव्हात प्रथिनं जास्त, म्हणून १०-१२ मिनिटं उकळूनही तुकडा आकार सोडत नाही. मैद्याचा स्वस्त पास्ता एका कढईत केला की खळ होते. त्यामुळे पाकीट घेताना मागे 'ड्यूरम' हा शब्द आहे का बघा.

आणि पाणी का ओतायचं नाही? पास्ता शिजताना त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो. नेहमीच्या पद्धतीत भरपूर पाण्यात उकडून आपण तो स्टार्च सिंकमध्ये घालवतो, आणि मग सॉस दाट व्हावा म्हणून क्रीम नाहीतर चीज शोधतो. इथे पाणी मोजून घालतो. स्टार्च कढईतच राहतो, तेल आणि टोमॅटोचा रस धरून ठेवतो, आणि सॉस आपोआप जमतो. भाताची पेज दाट का होते, तेच कारण.

आणि सॉसेज?

सॉसेजचं पण मुंबईत जुनं घर आहे, आणि ते लालबागपासून फार लांब नाही. गिरगाव, धोबी तलाव, माझगाव या भागात गोवेकरांचे 'कूड' आहेत. कूड म्हणजे कोकणीत खोली. गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी घेतलेली राहण्याची जागा. बोटीवर नोकरीला जाणारे खलाशी, आचारी, वादक तिथे उतरायचे. प्रत्येकाची एक ट्रंक, झोपायला जमिनीवर जागा, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. गावकऱ्यांची खोली आणि कूड, कल्पना एकच बघा. गाव वेगळं, धर्म वेगळा, शहरातली अडचण तीच.

त्यांच्या पाठोपाठ चोरीस आलं, म्हणजे गोव्याचं सॉसेज. डुकराचं मांस, सुकी लाल मिरची, आलं-लसूण, मसाले, मीठ आणि व्हिनेगर. हे आतड्यात भरून, गाठी मारून, मण्यांच्या माळेसारखं करून सुकवायचं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हासाठी उन्हाळ्यात केलेली ही बेगमी. कोकणात आपण आगोटीची तयारी म्हणतो, तसंच. मीठ, आंबट आणि ऊन यांच्यावर टिकतं, म्हणून फ्रिज नसलेल्या खोलीतही चालायचं. आज धोबी तलाव ते क्रॉफर्ड मार्केट या पट्ट्यात विचारलंत तर मिळेल.

सगळ्यांना डुक्कर चालत नाही, माहितीये. चिकन सॉसेज कुठल्याही सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये असतं. पण खरं सांगू का, ते सपक लागतं. त्यावर आपल्याकडे इलाज आहे, आणि तो लालबागच्या मसाल्याच्या बाजारात आहे. सुक्या ब्याडगी मिरच्या. चोरीसची चव मुळात मिरची, लसूण आणि आंबटपणाची. ती आपण बाहेरून देऊ.

आता कढई चढवू

दोघांसाठी. लिहून घ्या, किंवा इथे खूण करून ठेवा.

पेने किंवा फुसिली, म्हणजे आखूड पास्ता: २०० ग्रॅम
चिकन सॉसेज: १५० ते २०० ग्रॅम. चोरीस असेल तर १०० ग्रॅम पुरे
कांदा १ मोठा, टोमॅटो २, लसूण १० पाकळ्या
गाजर १ लहान, फरसबी ८-१०, सिमला मिरची १, पालक एक मूठ
सुक्या ब्याडगी मिरच्या ४, व्हिनेगर १ चमचा, जिरं चिमूटभर
तेल १ मोठा चमचा, मीठ, मिरपूड
उकळतं पाणी ६०० मिली, आणि वर लागलंच तर अर्धा कप

आल्याआल्या, शूज काढायच्या आधी, पाणी उकळायला ठेवा आणि मिरच्या एका वाटीत गरम पाण्यात भिजवा. मग हातपाय धुवा. चहा प्या. पाच-सात मिनिटं गेली की मिरच्या मऊ. त्या, सहा लसूण पाकळ्या, जिरं आणि व्हिनेगर मिक्सरमधून काढा. मिक्सर नसेल तर दीड चमचा ब्याडगी मिरचीपूड, ठेचलेला लसूण आणि व्हिनेगर कालवा. चालतं. चोरीस वापरणार असाल तर हे वाटण करायचंच नाही, त्यात सगळं आहे.

एक. कढई तापवा, तेल घाला, सॉसेजचे अर्ध्या बोटाएवढे तुकडे टाका. तीन-चार मिनिटं हलवू नका, एक बाजू तांबूस होऊ द्या. ही एकच पायरी घाईत उरकू नका. पाणी पडल्यावर सॉसेज शिजेल, पण खरपूस कधीच होणार नाही, आणि सगळ्या पास्त्याला चव येते ती या खरपूसपणाची. चोरीस असेल तर वरचं आवरण काढून कुस्करून घाला, तेल नावापुरतंच. ते स्वतःचं तेल सोडतं. ते कच्चं असतं, त्यामुळे मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं नीट परता.

दोन. त्यातच कांदा आणि उरलेल्या चार लसूण पाकळ्या चिरून. कांदा मऊ झाला की वाटण घालून एक मिनिट परता. मग टोमॅटो, आणि चिमूटभर मीठ. टोमॅटो विरघळेपर्यंत थांबा.

तीन. पास्ता, गाजर आणि फरसबी एकदम घाला. गाजर आणि फरसबी अगदी बारीक चिरा. कारण टोमॅटो आणि व्हिनेगरचा आंबटपणा असला की भाज्या मऊ व्हायला वेळ घेतात. जाड तुकडे ठेवलेत तर पास्ता होईल आणि फरसबी करकरत राहील. आता उकळतं पाणी ओता. पास्ता जेमतेम बुडाला पाहिजे. गार पाणी घालू नका, उकळी यायला पाच मिनिटं फुकट जातात.

चार. पहिली दोन मिनिटं ढवळत राहा. या वेळेला पास्त्याच्या अंगावरचा स्टार्च चिकट असतो, तुकडे एकमेकांना आणि तळाला धरतात. नंतर आच मध्यम, झाकण अर्धवट, आणि दर दोन मिनिटांनी एकदा तळापासून हलवा.

पाच. आठव्या मिनिटाला सिमला मिरची. दहाव्या मिनिटाला एक तुकडा चावून बघा. मध्ये जरासा कडक लागला की योग्य वेळ. कोरडं वाटलं तर थोडं गरम पाणी. पालक हाताने तोडून टाका, मिरपूड घाला आणि गॅस बंद.

सहा. आता बघाल तर कढईत अजून रस्सा दिसेल, आणि तुम्हाला वाटेल की आटवायला हवं. आटवू नका. झाकण ठेवून तीन मिनिटं थांबा. पास्ता रस्सा ओढून घेतो, उरलेला दाट होतो. चव घेऊन मगच मीठ घाला, कारण सॉसेजमध्ये मीठ असतंच, चोरीसमध्ये तर भरपूर. चीज हवं तर एक क्यूब किसून. नसलं तरी काही अडत नाही.

श्रावण असेल, किंवा घरमालकाची अट असेल, तर सॉसेजच्या जागी मशरूम. पण पद्धत तीच. आधी मोठ्या आचेवर खरपूस, मग बाकीचं. वाटण तेच.

उरला तर डब्यात घालून फ्रिजमध्ये. सकाळी घट्ट गोळा झालेला दिसेल. दोन चमचे पाणी शिंपडून गरम केला की सुटतो.

शेवटचं, भांड्याचं

एका कढईचं एक गुपित आहे, ते कुठल्या रेसिपीत लिहीत नाहीत. दोघं राहत असाल तर एकाने शिजवायचं, दुसऱ्याने घासायचं. कढई एकच असल्यामुळे नाही म्हणायला तोंडच राहत नाही. माझ्या रूमवर हा नियम दोन वर्षं चाललाय. माझा रूममेट साताऱ्याचा, घरी कधी ओट्याजवळ उभा न राहिलेला. पहिले सहा महिने तो फक्त घासायचा. मग एकदा मी कॉलवर अडकलो तर त्याने स्वतःच कढई चढवली. गेल्या दिवाळीत गावी जाऊन त्याने आईला हा पास्ता करून घातला. ती म्हणाली, "तिखट चकोल्याच की रे या." आणि मग म्हणाली की लग्न होऊन आल्यापासून त्या घरात दुसऱ्या कुणी रांधून आपल्याला वाढलंय, असं आज पहिल्यांदाच झालं.

तिची सून अजून यायची आहे. ती येईल तेव्हा त्या ओट्याजवळ एक माणूस आधीच उभा असेल.

तर मंडळी, या आठवड्यात दोन दिवस ठरवा. रोज नाही, दोनच. बाकीचे पाच दिवस मागवा, मेसला जेवा, काहीही करा. बुधवारी रात्री कढई चढवलीत तर फोटो पाठवा. फोटो सुंदर नसला तरी चालेल, कढई रिकामी असली पाहिजे. आणि बाहेरून डबा येत असेल तर त्यामागच्या बाईचं नाव एकदा विचारा. पैसे महिन्याच्या महिन्याला द्या. थकवू नका.

पुढच्या एपिसोडमध्ये, तुम्हीच मागितलंय म्हणून, इंडक्शनवरचा एका भांड्यातला मसालेभात. तोपर्यंत वेळेवर जेवा. भेटू!